माळ्यावरची जुनी विमान-किटं: कोणतं जोडायचं, कोणतं सोडायचं

परभणीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांचे काका ऐंशीच्या दशकात आखातात नोकरीला होते आणि सुटीवर येताना प्लास्टिकच्या विमानांची किटं आणत. काही जोडली गेली, काही तशीच राहिली. आता घराचं काम काढल्यावर माळ्यावरून एक खोकं निघालं. त्यात एअरफिक्सची हंटर आणि नॅट, मॅचबॉक्सचं स्पिटफायर, ‘नोवो’ छापाचं व्हेंजन्स, मोनोग्रामचं १/४८ स्केलचं (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) फँटम आणि रेव्हेलचं एक बॉम्बर आहे, ज्याच्या खोक्यावर स्केलच छापलेलं नाही. त्यांना हवं आहे ते एवढंच: यातलं जोडण्याच्या लायकीचं कोणतं, हे ओळखायचं कसं? कुणीतरी त्यांना सांगून ठेवलंय की पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा, उठावाच्या असतील तर किट टाकाऊ, हात लावू नका.

हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो उलटा आहे. किट पारखताना बहुतेक जण आधी पृष्ठभाग बघतात, मग कॉकपिट, मग डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा आणि आकडे), आणि विमानाचा आकार बरोबर आहे का हे मॉडेल रंगवून शेल्फवर ठेवल्यावर. खरा क्रम याच्या बरोबर विरुद्ध हवा. उठावाच्या रेषा घासता येतात, नव्या कोरता येतात. कॉकपिट रिकामं असेल तर भरता येतं. डिकल दुसरे मिळतात. पण नाक जाड आहे, पंखाची रुंदी चुकली आहे, शेपटी बुटकी आहे, तर ते विमान शेवटपर्यंत कुणातरी दुसऱ्याच विमानासारखं दिसणार. आकार सुधारायचा तर किट कापावं लागतं, आणि कापाकापी करून नीट जुळवणारे लोक फार थोडे.

माझी रोजीरोटी साच्यांची आहे. वाळूजला इंजेक्शन मोल्डच्या टूलरूममध्ये काम करत आलो, त्यामुळे हातात प्लास्टिकचा तुकडा आला की मला आधी त्याची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन अर्धे मिळतात तिथली रेघ, दिसते, मग तो तुकडा कशाचा आहे ते. म्हणून पुढचं बरंचसं साच्याच्या बाजूने येईल.

आधी त्या उठावाच्या रेषांचं. साचा म्हणजे भागाची उलटी प्रतिमा. साच्यात खाच कोरली की प्लास्टिकवर उठावाची रेघ येते. पोलादात खाच कोरणं सोपं, म्हणून जुन्या काळी सगळ्यांनी तेच केलं. प्लास्टिकवर कोरलेली रेघ हवी असेल तर साच्यात बारीक धार उभी ठेवून तिच्या आजूबाजूचं सगळं पोलाद काढावं लागतं. हे हाताने करणं जवळपास अशक्य. त्यासाठी आधी मोठा नमुना करून त्यावर रेषा कोरायच्या आणि मग नक्कल करणाऱ्या यंत्राने किंवा स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणग्यांनी पोलाद झिजवून) त्या साच्यात उतरवायच्या. म्हणजे उठावाची रेघ ही कारखान्याच्या पद्धतीची खूण आहे. ज्याने विमानाचा आकार मन लावून घडवला त्याच्याही किटवर ती असते आणि ज्याने अंदाजपंचे घडवला त्याच्याही.

शिवाय थोडं गणित करून बघा. १/७२ मॉडेलवर ०.३ मिलिमीटर रुंदीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर २१.६ मिलिमीटरची फट. एक बोट सहज जाईल एवढी. कुठल्याही लढाऊ विमानाच्या पत्र्यात अशी फट नसते. मॅचबॉक्सच्या सत्तरच्या दशकातल्या काही किटांवरच्या कोरीव रेषा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहेत, म्हणजे खऱ्यात ३६ मिलिमीटर. त्या रेषा बघून लोक त्यांना खंदक म्हणतात ते उगीच नाही. आता तुम्हीच सांगा, ‘कोरीव आहे म्हणून चांगलं’ या वाक्याला काय अर्थ उरला? त्याउलट मोनोग्रामच्या किंवा हेलरच्या केसाएवढ्या उठाव रेषा रंगाखाली इतक्या सौम्य दिसतात की कोरायची गरजच वाटत नाही. त्यांची अडचण एकच: सांधा घासताना त्या पुसल्या जातात. तेवढ्या जागी स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या दांड्यांना लटकून येतात त्यांचा, तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढायचा, केसासारखी तार निघते, ती चिकटवायची.

रिव्हेटांचं मात्र वेगळं. साठच्या दशकातल्या एअरफिक्सवर आणि चेकोस्लोव्हाकियातल्या केपीच्या किटांवर रिव्हेट म्हणून जे दाणे आहेत, ते एक मिलिमीटरचे धरले तर खऱ्यात ७२ मिलिमीटर होतात. ते पाण्यात भिजवलेल्या चारशे नंबरच्या वॉटर पेपरने सरळ घासून टाका. संध्याकाळभराचं काम आहे, त्यासाठी किट नाकारू नका.

आता आकार. यासाठी व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, नाहीतर शाळेतली पट्टी चालेल. खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, स्केलने भागा, आणि किटवर मोजा. स्पिटफायरचा पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर. १/७२ मध्ये तो १५६ मिलिमीटर यायला हवा. हंटरचा १०.२६ मीटर, म्हणजे १४२.५ मिलिमीटर. व्हेंजन्सचा १४.६३ मीटर, म्हणजे २०३. तुमच्या फँटमचा ११.७ मीटर, १/४८ मध्ये २४४च्या जवळपास. किटमध्ये पंख दोन तुकड्यांत असतील तर धडाची रुंदी मिळवायला विसरू नका, आणि पंख वर झुकलेले असतील तर सपाट टेबलावर मोजलेलं माप थोडं जास्तच येणार.

१/७२ मध्ये पंखाच्या लांबीत एक-दीड मिलिमीटरचा फरक कुणाला दिसत नाही. मीही त्याकडे दुर्लक्ष करतो. पण तेवढाच एक मिलिमीटर कॅनॉपीच्या (कॉकपिटवरच्या काचेच्या) उंचीत किंवा नाकाच्या जाडीत असेल तर लांबून खटकतो, कारण माणूस विमान ओळखतो ते तिथूनच. त्यामुळे मोजून झाल्यावर धडाचे दोन अर्धे मास्किंग टेपने जोडा, कॅनॉपी वर ठेवा आणि खऱ्या विमानाचा बाजूने काढलेला फोटो शेजारी धरा. तोही शक्य तितक्या लांबून घेतलेला, नाहीतर लेन्स नाक फुगवते. पालमच्या वायुसेना संग्रहालयातल्या हंटर, नॅट, वापिटीचे फोटो भरपूर मिळतात. फोटो आणि मॉडेल दोन्हीकडे डोळे बारीक करून बघा. नाकाचा उतार, कॅनॉपी कुठे सुरू होते, शेपटीचा कोन, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या तर त्या किटला मी ‘हो’ म्हणतो, मग आत कॉकपिट म्हणून नुसती एक खुंटी आणि तिच्यावर बसवलेला बाहुला असला तरी.

बाहुल्यावरून आठवलं. जुन्या एअरफिक्समध्ये कित्येकदा आसनसुद्धा नसतं, वैमानिक थेट भिंतीला चिकटवायचा. लोक हे बघून किट फेकतात. बंद कॅनॉपीखाली १/७२ मध्ये काय दिसतं? आसनाची पाठ, वैमानिकाचं हेल्मेट आणि काळोख. जाड कार्डाचं आसन आणि टेपचे पट्टे केले तरी भागतं. चाकांच्या खोबणी उथळ असतील तर त्याही विमान शेल्फवर उभं असताना कुणी वाकून बघत नाही.

आकाराच्या जोडीने आणखी एक गोष्ट तपासायची, आणि भारतीय विमानं करणाऱ्यांना तिचा फार त्रास होतो. खोक्यावरचं नाव आणि तुम्हाला हवं असलेलं विमान एकच आहे का? तुमचं एअरफिक्सचं नॅट उघडून बघा, दोन आसनं असतील. ते ट्रेनर आहे, हवाई कसरती करणाऱ्या ब्रिटिश रेड ॲरोज पथकाचं. आपल्या हवाई दलाने १९६५ आणि १९७१ मध्ये लढवलं ते एकआसनी नॅट. निर्मलजितसिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर उडवत होते ते हेच. मागचं आसन झाकून काम होईल असं वाटतं, पण होत नाही. ट्रेनरचा पंख सुमारे ७.३ मीटर आहे, लढाऊ नॅटचा ६.७ च्या आसपास. १/७२ मध्ये १०१ विरुद्ध ९४ मिलिमीटर. धडही लांब आहे, शेपटीही मोठी. तसंच एअरफिक्सचं सुपर मिस्टेर. आपल्याकडे होतं ते मिस्टेर फोर-ए, वेगळं विमान. मिग-२१ च्या किटांवर तर नुसतं ‘मिग-२१’ लिहून मोकळे होतात. पण आपल्या हवाई दलातल्या प्रकारांपैकी एफएलची पाठ बारीक आहे आणि बायसनची जाड. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडला मिग-२१ निवृत्त झालं, त्यानंतर मला विचारणाऱ्यांत या पाठीच्या जाडीचा प्रश्न पहिला असतो.

मग येतो साचा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: खोकं नवं म्हणजे साचा नवा नाही, आणि खोक्यावरची कंपनी म्हणजे साचा करणारी कंपनी नाही. साचे विकले जातात, भाड्याने जातात, कंपनी बुडाली की लिलावात जातात. ब्रिटनची फ्रॉग सत्तरच्या दशकाच्या मध्याला बंद पडली आणि तिचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले. तिथून जी किटं निघाली त्यांच्यावर नोवो हे नाव होतं. जर्मन, जपानी विमानांचे साचे सोव्हिएतांनी घेतले नाहीत, ते रेव्हेलकडे गेले. मॅचबॉक्सची मूळ कंपनी लेस्नी १९८२ मध्ये बुडाली, तिचे साचेही पुढे रेव्हेलकडेच. इटलीच्या एस्कीचे साचे इटालेरीकडे. एअरफिक्सचा माल अमेरिकेत एमपीसीच्या खोक्यात विकला जायचा, आणि हासेगावाची काही किटं एके काळी फ्रॉगच्या. एअरफिक्सचं स्वतःचं तर बघायलाच नको: १९८१ मध्ये दिवाळं, मग पॅलिटॉय, मग १९८६ पासून हंब्रोल, २००६ पासून हॉर्नबी. खोक्यावर चकचकीत चित्र आणि नवा क्रमांक असला तरी आतला साचा कधी कधी त्या चित्रकाराच्या जन्माआधीचा असतो. स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटचा क्रमांक टाकला की साच्याची वंशावळ दिसते, खरेदीआधी तिथे डोकावून यायचं.

पण वंशावळ वाचून साच्याची तब्येत कळत नाही. पैठणी पारखणारा जसा पदर उलटा करून बघतो, तसं किट आतून बघायचं. पंखाचा आतला भाग वर करा. तिथे बऱ्याचदा कंपनीचं नाव आणि सन उमटवलेला असतो, जुनं नाव खरवडून काढल्याची खूणही दिसते. आणि तिथेच कळतं की साचा किती थकला आहे.

फ्लॅश म्हणजे भागाच्या कडेने निघालेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. साच्याच्या दोन अर्ध्यांची बैठक झिजली किंवा मशीनचा दाब कमी पडला की तो येतो. नवशिके त्याला घाबरतात. घाबरू नका, ब्लेडच्या एका फटक्यात जातो. खरी भीती दुसऱ्या दोन गोष्टींची. एक म्हणजे दोन अर्धे एकमेकांवरून सरकलेले असणं. गोल भागावर, म्हणजे इंधनाच्या टाकीवर किंवा चाकाच्या दांडीवर, अंगठा फिरवा. पायरी लागली तर साचा सरकलेला आहे. टाकी घासून गोल करता येते. दीड मिलिमीटर जाडीची चाकाची दांडी घासली तर उरतच नाही. दुसरं म्हणजे जाडीतला फरक. पंखाच्या कडेकडून बघा: एका बाजूची भिंत पातळ, दुसरीची जाड, म्हणजे साच्याचा गाभा सरकलाय. असे अर्धे कधीच नीट बसत नाहीत. चिकटवताना ताणून बसवले तर महिन्याभराने सांधा उघडतो.

आतून खुंटी किंवा जाड बरगडी असलेल्या जागी बाहेरून खळगा पडलेला असतो, त्याला आम्ही सिंक म्हणतो. जाड जागचं प्लास्टिक उशिरा थंड होतं आणि आत ओढलं जातं. मोटारगाडीच्या रंगाच्या दुकानात मिळणारी एनसी पुट्टी यासाठी पुरते, पातळ थर देऊन. जाड थर एकदम दिला तर ती आकसते आणि खळगा पुन्हा तिथेच. मोठ्या फटीत फेविक्विक आणि खाण्याचा सोडा; पण लगेच घासायचं, दुसऱ्या दिवशी तो दगड होतो. इजेक्टर पिनांच्या (साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या) गोल खुणा आतल्या बाजूला असतील तर सोडून द्या, चाकांच्या झाकणांवर असतील तर भरा. आणि एखाद्या भागाचं टोकच नसेल, गोलसर होऊन थांबलेलं असेल, तर ते तुटलेलं नाही, साच्यात प्लास्टिक पोचलंच नाही. ॲंटेना, नळ्या यांच्या बाबतीत हे फार होतं. स्प्रूच्या ओढलेल्या तारेने भागतं.

तुमच्या ओळखीत चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकलेला कुणी पोरगा असेल तर किटमधला एक पंख त्याच्या हातात द्या. विमानातलं त्याला काही कळत नसेल, पण साचा किती चालला आहे ते चहा येईपर्यंत सांगेल.

प्लास्टिकच्या रंगावरून मी किट नाकारत नाही, पण सावध होतो. चंदेरी चमक असलेल्या जुन्या प्लास्टिकमध्ये वितळून वाहिल्याच्या लाटा दिसतात. त्या फक्त दिसतात, हाताला लागत नाहीत, प्रायमरखाली (रंगाआधीच्या थराखाली) जातात. लाल प्लास्टिक मात्र पांढऱ्या रंगातून वर येऊ शकतं, त्याला आधी चंदेरी थर द्या. मॅचबॉक्सची दोन-तीन रंगांतली किटं मुलांनी न रंगवता जोडावीत म्हणून तशी होती; रंगवायची असतील तर गडद आणि फिक्या भागांवर एकच करडा प्रायमर मारून मगच पुढे जा.

आता आपल्याकडचं खास दुखणं, ऊन. युरोपातल्या लोकांचे सल्ले वाचाल तर ते ओलाव्याबद्दल बोलतात. परभणीत मे महिन्यात पारा ४३ च्या घरात जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त. पॉलिस्टायरीन नरम पडतं ते शंभर अंशांच्या जवळ, त्यामुळे माळ्यावर ते वितळत नाही. पण खोक्यावर दुसरी खोकी रचलेली असतील, पंख वाकडे दाबले गेले असतील, तर वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांत ते तसेच वाकडे होऊन बसतात. पंखाचा अर्धा काचेवर ठेवा. चारही बाजूंनी टेकला तर ठीक. एका टोकाने उचललेला असेल तर दुसऱ्या अर्ध्याशी टेप लावून बघा. कित्येकदा दोन वाकडे मिळून सरळ होतात. नाहीच झाले तर हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात धरून, हलक्या हाताने सरळ करून लगेच गार पाण्यात. उकळतं पाणी नको. धडाला पीळ पडला असेल तर मात्र मी त्या वाटेला जात नाही, कारण धड सरळ झाल्यासारखं वाटतं आणि शेपटी बसवली की ती कलते.

त्या काळच्या बऱ्याच किटांमध्ये गोंदाची छोटी ट्यूब असायची. ती आधी शोधा. फुटली असेल तर तिच्याखालच्या भागावर सुरकुत्या पडलेल्या असतील. काळी मऊ चाकं असतील तर तीही आजच वेगळ्या पिशवीत काढा. त्या मऊ प्लास्टिकमधलं तेल बाहेर येतं आणि ज्याला ते चिकटून असेल त्या कडक प्लास्टिकला विरघळवतं; चाकाचा रिम जाळीसारखा झालेला मिळतो.

काचेचे भाग, म्हणजे कॅनॉपी, जुन्या किटांत बाकीच्या भागांबरोबर एकाच पिशवीत असायचे. ओरखडे असतील तर दोन हजारचा वॉटर पेपर, मग गाडीची पॉलिश, काम झालं. बारीक भेगांचं जाळं आत पडलं असेल तर उपाय नाही. जाडी बघा: दीड मिलिमीटर जाड कॅनॉपीतून आतलं सगळं वाकडं दिसतं. ज्या विमानाचं अर्धं सौंदर्य कॅनॉपीत आहे, त्याला मी या एका कारणाने मागे ठेवतो.

डिकलवर विश्वास ठेवायचाच नाही. पिवळे पडले असतील तर काचेला टेपने लावून उन्हात ठेवा. आपल्याकडे ऊन फुकट आहे आणि आठवडाभरात फरक दिसायला लागतो. नको असलेला एक आकडा कापून पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर उरलेल्या कागदावर क्लिअर लॅकरचा पातळ थर फवारा, मग प्रत्येक डिकल कडेने कापून घ्या. यासाठी बोअरचं पाणी वापरू नका, जारचं घ्या. आपल्या पाण्यातले क्षार डिकलखाली सुकले की पांढरे डाग उमटतात. किट धुताना बोअरचं पाणी आणि भांड्याचा साबण चालतो, फक्त शेवटचं पाणी जारचं. भारतीय चक्रांचे डिकल जुन्या परदेशी किटांत क्वचितच असतात, आणि असलेच तर तीन रंग एकमेकांवरून सरकलेले. ते वेगळे मागवा.

आता तुमचं खोकं.

फँटम सगळ्यांत जोडण्याच्या लायकीचं आहे. मोनोग्रामच्या त्या काळच्या १/४८ किटांचा आकार आणि कॉकपिट दोन्ही चांगले, रेषा उठावाच्या असल्या तरी नाजूक. ‘उठावाच्या रेषा म्हणजे टाकाऊ’ म्हणणाऱ्याला हेच किट दाखवा.

व्हेंजन्स मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. नोवो म्हणजे मूळ फ्रॉगचा साचा, आणि फ्रॉगने जी विमानं काढली त्यांतली काही फारशी कुणी काढलीच नाहीत. वापिटी हे त्यातलंच, आपल्या हवाई दलाचं १९३३ मधलं पहिलं विमान. व्हेंजन्स आपल्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रनांनी ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध वापरलं. फ्लॅश भरपूर असेल, प्लास्टिक मऊसर असेल, सांध्यांना पुट्टी लागेल. पण २०३ मिलिमीटर मोजून घ्या आणि पंखाचा तो विचित्र मोडलेला आकार फोटोशी जुळवा. जुळला तर बाकीची मेहनत सत्कारणी लागते. फक्त हे पहिलं घेऊ नका, दोन किटं हाताखालून गेल्यावर घ्या.

हात बसवण्यासाठी मॅचबॉक्सचं स्पिटफायर. ते मार्क नाईन, म्हणजे नववी आवृत्ती, आहे. आणि मराठवाड्याच्या माणसाला स्पिटफायर परकं वाटायचं कारण नाही. निजामाने १९१८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ११० नंबरच्या स्क्वाड्रनला विमानं भेट दिली, तेव्हापासून ‘हैदराबाद’ हे नाव त्या दलात लागलं आणि पुढे १५२ आणि २५३ नंबरच्या स्क्वाड्रनांनाही मिळालं. तेव्हा परभणी, बीड, नांदेड सगळं त्याच राज्यात, म्हणजे त्या खजिन्यात आपल्या गावांचा सारा होताच. १५२ ने ब्रिटनच्या लढाईत स्पिटफायर उडवलं आणि ब्रह्मदेशात त्यांच्या स्पिटफायरवर वर्तुळातून झेप घेणारा काळा बिबळ्या रंगवलेला होता. तो बिबळ्या करायचा मोह होईल, पण ती मार्क एट होती, शेपटीचं चाक आत जाणारी. मॅचबॉक्सवर ते जमवायचं तर मागचं चाक आणि त्याची दोन झाकणं नव्याने करावी लागतील. खंदक रेषांमध्ये पातळ पुट्टी ओढून ओल्या कापडाने पुसा, निम्म्या भरल्या की पुरे.

हंटरचं पट्टीवर ठरवा. १४२ ते १४४ च्या आत पंख आला, पंखाच्या पुढच्या कडेला दातासारखी पायरी आहे, नाकाखाली तोफांच्या मागे दोन फुगवटे आहेत, तर आपलं १९७१ चं लोंगेवाला डोळ्यासमोर ठेवून जोडायला घ्या. त्यातलं काही नसेल तर रेव्हेलचं नंतरचं १/७२ हंटर घेणं स्वस्त पडेल, कारण जुन्यावर घालवलेल्या पुट्टीचा आणि रात्रींचाही हिशेब असतो. जुनं मग रंगाची चाचणी घ्यायला ठेवा.

नॅट जोडा, पण लाल रंगात, ट्रेनर म्हणूनच. किंवा पिशवी सीलबंद आणि खोकं शाबूत असेल तर जोडूच नका. रॉय क्रॉस यांनी १९६४ ते १९७४ या काळात एअरफिक्ससाठी काढलेली खोक्यांवरची चित्रं आतल्या प्लास्टिकपेक्षा जास्त मागणीत आहेत, आणि ती घेणारा उघडलेल्या पिशवीला निम्मीही किंमत देत नाही.

राहिलं रेव्हेलचं बॉम्बर. पन्नास-साठच्या दशकांत कंपन्या एका मापाचं खोकं ठरवायच्या आणि विमान त्यात बसेल एवढं लहान करायच्या. स्केल तुम्हीच काढा: खऱ्या पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये भागिले किटच्या पंखाची लांबी. खरं ३० मीटर आणि किटवर २५० मिलिमीटर आलं तर ते १/१२० झालं. ते १/७२ च्या रांगेत ठेवलं तर हंटर त्याच्या शेजारी राक्षस दिसेल, त्याला वेगळा कप्पा द्या.